ग्रहणातली कात्री

शेअर रिक्षात बसले की रेल्वेखालच्या गरनाळ्याच्या अलीकडेच पहिला प्रश्न येतो. मी मुलीला मांडीवर घेते, तिचे पाय पदराखाली झाकते, कडेला सरकून बसते. तरी शेजारच्या बाईची नजर खाली जातेच.

"आ छोकरीने शुं थयुं छे?"

मी बाहेर बघते. उत्तर माझी सासू देते. तीस वर्षे सुरतेत राहून तिला गुजराती चांगली येते, आणि बोलायला ती कधी कोणाला घाबरली नाही. "जन्मथीज एवी छे, बेन."

मग एकामागे एक सुरू होते. लकवा आहे का? पोलिओचे थेंब पाजले नव्हते का? नवराबायको नात्यातले का? मोठी झाली की चालेल ना? एकीने विचारले, हिच्याजवळ बसल्याने दुसऱ्या पोरांना होत नाही ना, आणि विचारता विचारताच आपला मुलगा उचलून दुसऱ्या मांडीवर घेतला. हसत घेतला, म्हणजे मला वाईट वाटू नये. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच असतो. कशामुळे झाले पण?

त्यावर सासू माझ्याकडे हात करते. "ग्रहणमां कातर चलावी हती एणे."

रिक्षातल्या बायका अरेरे करतात. मला वाटते तिथेच उतरावे आणि चालत जावे. पण साडेसहा वर्षांची मुलगी उचलून किती चालणार? मी बसून राहते.

मुलीला सगळे समजते. एकदा एका बाईने विचारले, "हिला कळतं का काही?" मुलीने तोंड वाकडे करत, शब्द ओढत ओढत उलट विचारले, "तुला... कळतं का?" रिक्षावाला इतका हसला की त्याला रिक्षा हळू करावी लागली. सासूने नातीला दटावले आणि घर येईपर्यंत स्वतःच हसत होती. "मनावरच गई शे," अहिराणीत म्हणाली, म्हणजे तिच्यावर. माझ्यावर गेली असे ती कधी म्हणाली नाही. माझ्यावर फक्त पाय गेले.

मला आजपर्यंत एकच विचारायचे होते. माझ्या हाताने झाले का? साडेसहा वर्षांत मी किती डॉक्टरांसमोर बसले. प्रत्येक वेळी विचारायचे ठरवून जायचे आणि तसेच परत यायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही आमच्या खानदेशातल्या गावची. हिंदी समजते, बोलायला गेले की शब्द सापडत नाहीत. खुर्चीवर मी बसते आणि बोलते सासू. "तू चुप बठ, मी सांगस." नवरा सुरतेजवळच्या सचिन गावात मिलमध्ये कामाला, त्याला सुट्टी मिळत नाही, आणि मिळाली तरी तो आईसमोर बोलत नाही.

त्या ग्रहणाच्या दिवसाबद्दल मी पूर्ण असे कधीच कुठे लिहिले नाही, म्हणून आधी ते लिहिते.

तेव्हा आम्ही सुरतेतल्या गोडादऱ्यातच, दुसऱ्या गल्लीत राहत होतो. मी घरी साड्यांचे धागे कापायचे, आजही कापते. मशीनवर भरतकाम झाले की साडीच्या मागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत लांब धागे लोंबत राहतात. ते छोट्या कात्रीने कापायचे, साडीला टोचू द्यायचे नाही. खात्यातला, म्हणजे मशीनच्या कारखान्यातला, माणूस गठ्ठा टाकून जातो आणि कापलेला घेऊन जातो. दिवस भरले होते तरी काम चालूच होते. बसून करायचे काम, त्याचा त्रास नव्हता.

थंडीचे दिवस होते. सकाळी उजाडताना मला ओले वाटले. मला वाटले लघवी झाली. लाज वाटली म्हणून मी आधी कपडा बदलला आणि गप्प राहिले. पुन्हा ओले झाले तेव्हा सासूला सांगितले. तिने बघितले आणि म्हणाली, पाणी गेलं. मग तिने भिंतीवरचे कॅलेंडर बघितले. तिला वाचता येत नाही, पण ग्रहणाचे चित्र तिला कळते. शेजारणीने आदल्या दिवशी वेळही सांगून ठेवली होती. थोड्याच वेळात सूर्याला ग्रहण लागणार होते.

"ग्रहण सुटू दे," सासू म्हणाली. "मंग निघू."

तिला माझे वाईट करायचे नव्हते. पोटुशी बाई ग्रहणात बाहेर पडली तर मूल वाकडे होते, हे तिने तिच्या आईकडून ऐकले होते आणि मी माझ्या आईकडून. मी नाही म्हणाले नाही. उलट मला बरे वाटले की कोणीतरी ठरवले. हे मला लिहायला जड जाते, पण खरे आहे. मलाही ग्रहणाचीच भीती जास्त वाटत होती.

दारे खिडक्या लावल्या. फटींना साडीचे तुकडे कोंबले. मला चटईवर सरळ झोपवले, हातपाय दुमडायचे नाहीत, काही खायचे नाही, चिरायचे नाही, कापायचे नाही. दुखायला लागले होते. कळ आली की पाय आपोआप वर यायचे, सासू येऊन ते सरळ करायची. दोन-अडीच तास तरी गेले असतील. साड्यांचा गठ्ठा माझ्या उशाशीच होता. सासू चुलीपाशी जपमाळ घेऊन बसली होती. कळ यायची तेव्हा माझ्या हाताला काहीतरी हवे होते. मी चादरीखाली एका साडीचा कोपरा ओढला, उशीखालची कात्री घेतली आणि धागे कापले. दोन फुलांमधले. किती कापले ते आठवत नाही. हात कामाला लागला की दुखणे थोडे बाजूला राहते, एवढेच मला कळत होते. मग मोठी कळ आली आणि कात्री फरशीवर पडली.

तो आवाज सासूने ऐकला.

ग्रहण सुटल्यावर अंघोळ घातली, मग रिक्षा आणली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा नर्स ओरडली, पाणी कधी गेले, आत्ता आणता का. सासू म्हणाली, आत्ताच गेले, लगेच आणले. मूल दुपारी झाले. ते रडले नाही. खोलीत सगळे पळत होते आणि मूल रडत नव्हते, हे मला माझ्या नावासारखे आठवते. मग दूर कुठेतरी अगदी बारीक आवाज झाला. तिला काचेच्या पेटीत ठेवले. घरी आणल्यावर सासूने सगळ्यांना सांगितले, वजन कमी होते म्हणून ठेवले.

सात-आठ महिन्यांची झाली तरी मान धरेना. पाय ताठ. उभी धरली की एक पाय दुसऱ्यावर चढायचा. सासूने एक दिवस तिला खिडकीपाशी उभी धरली आणि मला हाक मारली. "पाय देख तिना, कातरसारखा." खरेच तसे दिसत होते. मी बघितले आणि मला पटले. त्या दिवसापासून मी कोणाकडे तोंड वर करून बघितले नाही.

डॉक्टर म्हणाले, सीपी आहे. मेंदूच्या ज्या भागातून हातपाय चालतात तिथे मार बसला आहे. मग त्यांनी विचारले, "बच्चा पैदा होते ही रोया था?" सासू म्हणाली, हो. "अस्पताल में देर तो नहीं हुई?" नाही, लगेच आणले. डॉक्टरांनी लिहिले. मी बघत होते पेनाकडे.

ते लिहिलेले मग फाइलमधून फाइलमध्ये गेले. जन्माचे कागद दुसऱ्या पावसाळ्यात गेले, खाडीचे पाणी घरात शिरले तेव्हा. त्यानंतर जो डॉक्टर भेटला त्याने जुनी फाइल बघितली आणि म्हणाला, बाळ लगेच रडले, उशीर नाही, मग दुसरे कारण शोधू. रक्त तपासा. मामाच्या मुलाशी लग्न केले का? गरोदरपणात ताप आला होता का, अंगावर पुरळ उठले होते का, काही औषध खाल्ले का, पडलात का? बाळाला कावीळ झाली होती का, झटके आले होते का? एवढे प्रश्न माझ्याबद्दल, माझ्या पोटाबद्दल, आणि मी खुर्चीवर गप्प. खोटे सासू बोलली, पण गप्प राहून मी ते साडेसहा वर्षे खरे करत आले. मला तिचा राग यायचा, आणि रागावण्याचा मला हक्क नाही असेही वाटायचे, कारण कात्री माझ्याच हातात होती.

मुलीला व्यायामाला नेतो त्या ट्रस्टच्या केंद्रात या वर्षी नव्या डॉक्टरबेन आल्या. त्या व्यायाम करून घेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलीला मोठ्या चेंडूवर पालथे टाकले आणि मुलगी खिदळायला लागली. त्यांनी मला एक वही दिली. रोज कोणता व्यायाम किती वेळ केला ते लिहायचे. "और घर में जो सवाल आए, वो भी लिखना. अगली बार पूछना."

वही घरी आणली. व्यायाम लिहिणे सोपे होते. मागच्या पानांवर मी प्रश्न लिहायला लागले, हळूहळू, साड्यांचे धागे कापून झाले की. लोक जे विचारतात ते आधी लिहिले. हा रोग आहे का. लागतो का. वाढत जाईल का. बरा होईल का. बोलणे सुधारेल का. मग एक पान रिकामे सोडले, आणि त्याच्या पुढच्या पानावर माझा प्रश्न लिहिला. त्याला दोन आठवडे लागले. अक्षर चौथीतल्या पोरीसारखे आहे, पण कसे लिहावे हा प्रश्न नव्हता. लिहिले तर उत्तर येईल, ही भीती होती.

त्यात माझ्या धाकट्या जावेला दिवस गेले होते. ती आमच्याच वरच्या खोलीत राहते आणि तीही धागे कापते. पूर्वी माझी मुलगी सगळा वेळ तिच्याकडे असायची, धाग्यांचे रंग वेगळे करायची, हिरव्याला गुजरातीत लीलो म्हणायची. सातवा महिना लागल्यावर जाव तिला मांडीवर घेईनाशी झाली. एकदा मुलगी सरकत सरकत तिच्यापाशी गेली तर तिने पाय आखडून घेतले.

"ताई, राग मानू नका," ती मला म्हणाली. "मला भीती वाटते हो."

"कशाची?"

"आई म्हणतात तुम्ही ग्रहणात कापलं होतं. माझ्याकडून पण चुकून झालं तर?"

सासूने तिची कात्री काढून तांदळाच्या डब्यात ठेवली होती. कॅलेंडरवर ग्रहणाचे चित्र अजून दोन पाने पुढे होते, तरी आत्तापासून. मी वर चढून आले होते तिला थोडे लोणचे द्यायला. वाटी तिथेच ठेवली आणि उतरले. जिन्यात मला वाटले, हिचेही पाणी सकाळी गेले आणि चित्राचा दिवस असला, तर हिलाही सरळ झोपवून ठेवतील. आणि ही नाही म्हणणार नाही. मीही नव्हते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी केंद्रात गेलो. सासू होतीच, मुलीला धरायला. डॉक्टरबेननी वही मागितली. त्यांनी पुढची पाने बघितली, मागे उलटली, आणि हसून वही माझ्याकडे परत दिली. "अक्षर तो पढ़ लेती हूँ, पर मराठी समझ में नहीं आती. आप पढ़के सुनाओ."

मी सासूकडे बघितले. तिनेही हात पुढे केला, सवयीने. पण तिला वाचता येत नाही. वही माझ्याच हातात राहिली.

पहिले प्रश्न मी वाचले. आवाज इतका बारीक होता की डॉक्टरबेन खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यांनी शांतपणे सांगितले. हा लागण होणारा रोग नाही. मेंदूला बसलेला मार वाढत जात नाही, पण व्यायाम सोडला तर अंग आखडत जाते, म्हणून लोकांना वाटते वाढला. पूर्ण बरा होईल असे त्या म्हणणार नाहीत. पण ही आधाराने उभी राहील असे त्यांना वाटते, बोलणेही सुधारेल. आणि डोके हिचे चांगले चालते. "बदमाश है," त्या म्हणाल्या. मुलगी चेंडूवरून म्हणाली, "तू बदमाश."

मग रिकामे पान आले. ते उलटले.

मी वाचले: "ही माझ्या पोटात असताना ग्रहण होते. मी कात्रीने साडीचे धागे कापले. त्यामुळे हिचे पाय असे झाले का? त्या दिवशी सकाळी पाणी गेले होते. ग्रहण सुटेपर्यंत आम्ही घरी थांबलो. मूल जन्मल्यावर रडले नाही."

मराठीत वाचले, तरी त्यांना कात्री, ग्रहण, पाणी एवढे समजले. बाकी मला हिंदीत सांगावे लागले. तोडके मोडके सांगितले. सासूकडे मी बघितले नाही. मला तिची फक्त बांगडी दिसत होती, मुलीच्या पाठीवर.

डॉक्टरबेननी आधी कात्रीचे सांगितले. कात्रीने काही होत नाही. धागे कापल्याने, भाजी चिरल्याने, ग्रहणात, कधीच नाही. हे त्यांनी दोनदा सांगितले. पाय असे एकमेकांवर चढतात ते मांड्यांचे स्नायू ताठ असतात म्हणून, या आजाराच्या खूप मुलांचे चढतात. त्यांच्या आयांनी कात्री धरलेली नसते.

"आणि थांबलो ते?" मी विचारले. हे वहीत नव्हते.

त्यांनी फाइल उघडली. पाणी गेल्यावर लगेच यायला हवे होते, म्हणाल्या. बाळाचे ठोके तपासता आले असते. बाळाला हवा कमी पडली तर असे होऊ शकते, आणि जन्मल्यावर न रडणे ही तशी खूण असू शकते. पण त्यानेच झाले असे त्या सांगू शकत नाहीत. बऱ्याच मुलांत पोटातच आधी काहीतरी झालेले असते आणि कोणाला कळत नाही. "पक्का कारण शायद कभी पता न चले."

हे ऐकून मला काय झाले ते नीट सांगता येत नाही. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण मला चीड आली. साडेसहा वर्षे मी त्या एका कात्रीखाली वाकून राहिले, आणि आता कात्री काढून घेतली तर जागेवर काही ठेवलेच नाही. कदाचित थांबलो म्हणून. कदाचित नाही. मग मी कोणावर रागवायचे, सासूवर की माझ्यावर, की त्या चित्रावर? डॉक्टरबेननी फाइलमधले जुने वाक्य खोडले आणि नवे लिहिले. एवढे मात्र झाले.

परत येताना पुन्हा शेअर रिक्षात बसलो. शेजारच्या बाईने विचारले, आ छोकरीने शुं थयुं. सासू म्हणाली, "खबर नथी." माहीत नाही म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली, जशी मी बघते.

मला वाटले, संपले. संपले नव्हते. चार दिवसांनी ओट्यावर शेजारणी भाजी निवडत बसल्या होत्या आणि सासूचा आवाज आत आला. "तिना हातमा कातर व्हती ना..." तेच, पहिल्यासारखे. कदाचित तिला दुसरे सांगताच येत नसेल. दुसरे सांगायचे तर स्वतःपर्यंत यावे लागते.

मी आत धागे कापत होते. उठले आणि दारात गेले. "कात्रीमुळे नाही झालं," मी म्हणाले.

सगळ्या वर बघायला लागल्या. मला तिथे उभी राहिलेली त्यांनी फार वेळा बघितलेले नाही. एक शेजारीण म्हणाली, "अगं, बोलली! मग कशामुळे?"

सासू माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात मेथीची जुडी होती आणि ती पाने तोडायची थांबली होती. तिला वाटत होते मी आता सांगणार. मी सांगू शकले असते. मी म्हणाले, "ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण पाणी गेलं की घरी थांबायचं नाही. ग्रहण असो की काही."

"असं कसं, कारण तर असेलच ना," शेजारीण म्हणाली. "नवस राहिला असेल एखादा. कुलदेवीला गेला होता का तुम्ही लग्नानंतर?"

मी आत आले. एवढे बोलायला मला साडेसहा वर्षे लागली आणि त्यांना दुसरे कारण शोधायला एक जुडीसुद्धा लागली नाही.

त्या दुपारी मी वहीतले एक पान फाडले आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, पाणी गेले की लगेच दवाखाना. खाली रिक्षावाल्याचा नंबर लिहिला. मुलीला घेऊन वर गेले आणि तो कागद जावेच्या कपाटावर चिकटवला. तिने तो दोनदा वाचला. माझी मुलगी तिच्या पायाशी येऊन बसली तेव्हा तिने पाय हलवले नाहीत.

सासू मागून जिना चढून आली होती. "काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवले. तिने कागदाकडे बराच वेळ बघितले, कॅलेंडरकडे बघते तसे.

"तठे नको लावू," ती म्हणाली. "दारजोडे लाव."

मी कागद काढला आणि दाराशी लावला. जावेची कात्री अजून तांदळाच्या डब्यातच आहे.